माझगावच्या गोदीतल्या चार विनाशिका

माझगावच्या रस्त्यावरून जाताना गोदीच्या भिंतीपलीकडचं फारसं काही दिसत नाही. पण विशाखापट्टणम, मुरगाव, इम्फाळ आणि सूरत या चारही विनाशिका (डिस्ट्रॉयर प्रकारच्या युद्धनौका) याच भिंतीआड, माझगाव डॉकमध्ये बांधल्या गेल्या. आराखडाही आपल्या नौदलाचाच. पहिली नौका नोव्हेंबर २०२१ मध्ये नौदलात दाखल झाली, चौथी जानेवारी २०२५ मध्ये. मुरगाव पहिल्यांदा समुद्रात फेरीला निघाली तो दिवस होता १९ डिसेंबर २०२१, गोवामुक्तीची साठ वर्षं पूर्ण झाली तो.

प्रत्येकीची लांबी १६३ मीटर, वजन सुमारे ७,४०० टन.

शस्त्रांचा विषय निघाला की सगळे ब्रह्मोसबद्दल बोलतात, आणि ते साहजिकच आहे. ध्वनीच्या जवळजवळ तिप्पट वेगाने जाणारी १६ क्षेपणास्त्रं या नौकेच्या पोटात उभी असतात. पण आता जरा वर पाहा, डेकवरच्या उंच मनोऱ्याकडे, म्हणजे मास्टकडे. चारही अंगांना बसवलेले ते सपाट फलक म्हणजे एमएफ-स्टार रडार. ते फिरत नाही, चहूबाजूंना एकाच वेळी नजर ठेवतं. त्याची गरज का पडते? शत्रूचं क्षेपणास्त्र लाटांना जवळपास घासत येतं. पृथ्वीच्या गोलाईमुळे ते क्षितिजावर येईपर्यंत दिसतच नाही, आणि दिसलं की हाताशी उरतो जेमतेम मिनिट-दीड मिनिट. तेवढ्यात ते हेरायचं, त्याचा मार्ग ओळखायचा आणि डेकमधल्या उभ्या नळीतून ते पाडणारं बराक-८ क्षेपणास्त्र सोडायचं. भारत आणि इस्रायलने मिळून घडवलेली अशी ३२ क्षेपणास्त्रं इथे सज्ज असतात. एप्रिल २०२५ मध्ये सूरतने अरबी समुद्रात पाण्यालगत उडणारं लक्ष्य असंच टिपलं.

त्यातूनही काही निसटलं, तर मिनिटाला हजारो गोळ्या झाडणाऱ्या चार एके-६३० तोफा आहेत. पाणबुड्यांसाठी पाणतीर (टॉर्पेडो), रॉकेट आणि हेलिकॉप्टर.

आमच्या लेखी मात्र या नौकांची सर्वांत मोठी कामगिरी एकही क्षेपणास्त्र न डागता झाली. जानेवारी २०२४. एडनच्या आखातात मार्लिन लुआंडा हे तेलवाहू जहाज क्षेपणास्त्राच्या माऱ्याने पेटलं. त्यावर २२ भारतीय आणि एक बांगलादेशी खलाशी होते. मदतीची हाक येताच विशाखापट्टणम तिकडे वळली. तिच्यावरची दहा जणांची तुकडी जळत्या जहाजावर चढली आणि तिथल्या खलाशांच्या खांद्याला खांदा लावून सहा तास आगीशी झुंजली. आग आटोक्यात आली. तेवीसही जण सुखरूप होते.