फोटोत मागे काय दिसतं?

जुन्या गोव्याच्या या फोटोवर तारीख नाही. तरी तो १९३१ च्या आधीचा आहे, हे छातीठोक सांगता येतं. सेंट ऑगस्टिन चर्चचा मनोरा पाहा, पूर्ण उभा आहे. १९३१ साली चर्चची दर्शनी भिंत आणि अर्धा मनोरा कोसळला. आज जुन्या गोव्याच्या टेकडीवर उरलाय तो जांभ्या दगडाचा तुटका सुळका. व्हाइसरॉयच्या कमानीचंही तसंच. ती १९४८ साली पडली आणि १९५४ साली पुन्हा उभारली गेली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सोझा अँड पॉल या स्टुडिओनं टिपलेला गोवा आपल्याला आजही पाहता येतो. पण अशा जुन्या फोटोंखाली बहुतेक इमारतीचंच नाव सापडतं. पायरीवर बसलेला माणूस कोण, कोणत्या वाड्यावरचा, हे कुणी लिहून ठेवत नसे.

आता सांगे तालुक्यात येऊ. कुर्डी. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं गाव. साळावली धरणासाठी १९८० च्या दशकात ते पाण्याखाली गेलं, माणसं वाडे आणि वालकिणीला वसवली गेली. इथलं प्राचीन महादेवाचं देऊळ दगड न् दगड सुटा करून धरणाजवळ पुन्हा बांधलं. घरं मात्र कुणी हलवू शकलं नाही. दक्षिण गोव्याच्या नळाला आज जे पाणी येतं, त्यात या गावाचा मोठा वाटा आहे, आणि हे आपण फार कमी वेळा बोलून दाखवतो.

मे महिन्यात पाणी उतरतं. सोमेश्वराचं देऊळ उघडं पडतं, उत्सव होतो, चॅपेलचं फेस्त, म्हणजे सण, होतं. कुर्डीकर येतात. घरांची फक्त जोती उरली आहेत, तरी म्हातारी माणसं न चुकता सांगतात: हे माजघर, ही तुळस, इथून नदीवर उतरायचं.

त्या काळी गावात कॅमेरा क्वचितच यायचा, एखाद्या लग्नाला. म्हणून असा लग्नाचा फोटो आजीच्या हाती दिला, की तिची नजर नवरानवरीवर थांबत नाही. ती मागे जाते. सोप्याचा खांब, विहिरीचा काठ, पलीकडे कुळागरातल्या, म्हणजे बागायतीतल्या, पोफळी. फोटोग्राफरच्या लेखी ती नुसती पार्श्वभूमी होती. आज गावाचा नकाशा जुळवायचा, तर हा पुरावा मोलाचा आहे, आणि तो वाचता येणारी माणसं आता थकली आहेत.

तुमच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत असे फोटो असतील, तर आजी-आजोबांशेजारी बसून पाहा. त्यांना आधी कडेला उभ्या असलेल्या माणसांबद्दल विचारा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा. फोटो स्कॅन करताना पाठही स्कॅन करा; स्टुडिओचा शिक्का बहुधा तिथंच असतो. आणि नावं मागे मऊ पेन्सिलीनं, अलगद लिहा. शाई पुढच्या बाजूला उमटते.