एक वस्तू, एक तास

सुट्टी लागली की मुलांना संग्रहालयात न्यावं असं वाटतं, पण नेऊन करायचं काय, असं मघाशी एका ताईंनी विचारलं. मी पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाबद्दल बोलते, कारण माझी दोन्ही मुलं तिथं चित्रं काढतच मोठी झाली.

या संग्रहालयाला नाव आहे ते एका लहान मुलाचं. ‘अज्ञातवासी’ या नावानं कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याची आठवण म्हणून त्यांनी हा संग्रह उभा केला आणि पुढे तो राज्य सरकारच्या हवाली केला. आज तिथं वीस हजारांच्या आसपास वस्तू आहेत. दिवे, अडकित्ते, कुलुपं, दौती, वाद्यं. बहुतेक सगळ्या घरातल्या, हाताळलेल्या. मुलांबरोबर आत शिरताना मी राजाची गोष्ट आधी सांगते. मुलं एकदम गप्प होतात, आणि मग नीट बघू लागतात.

आता बघायचं कसं? सगळी दालनं फिरायची नाहीत. मुलाला एकच वस्तू निवडू द्या आणि तिच्यासमोर तासभर बसा. पोपटाच्या आकाराचा अडकित्ता घ्या. नुसतं पाहिलं तर पोपट दिसतो. काढायला घेतलं की मूल विचारतं, ‘पातं कुठंय? खिळा कुठं बसवलाय? दांडी दाबली की सुपारी कुठं अडकते?’ हे प्रश्न पेन्सिल हातात असली तरच सुचतात, असा माझा अनुभव आहे. दालनात फक्त पेन्सिल वापरा. रंग सांडला तर जुन्या वस्तूवरचा डाग निघत नाही. तेलखडू आणि शाडूची माती घरी गेल्यावर काढा.

आणि पालकांनो, तुम्हीही कागद घ्या. बाकावर मोबाईल बघत बसलेले आईबाबा दिसले की मला फार वाईट वाटतं. ‘मला चित्र येत नाही’ असं मुलांसमोर म्हणू नका. तेच वाक्य ती उचलतात.

एकदा माझ्या सासूबाई आमच्याबरोबर होत्या. मुलगा पितळी वज्रीसमोर बसला होता. ही वस्तू कशासाठी, ते मला नीट सांगता येईना. सासूबाईंनी चप्पल काढली, टाच दाखवली आणि त्यांच्या माहेरी न्हाणीघरात दगडावर बसून वज्रीनं पाय कसे घासायचे ते हातवारे करून सांगितलं. मुलानं मग कागदावर वज्री एका कोपऱ्यात काढली. उरलेल्या सगळ्या कागदभर आजीची टाच, भेगांसकट.

तेव्हा येत्या मे महिन्यात जाल, तर आजीआजोबांना घरी ठेवून जाऊ नका. त्यांच्यासाठीही एक पेन्सिल टोक करून न्या.