अम्मानच्या टेकडीवरची सदर

मंडळी, गडावर पोचलं की आपल्यातले बरेच जण आधी दोन गोष्टी शोधतात. एक सदर आणि दुसरं पाण्याचं टाकं. जॉर्डनच्या राजधानीत, अम्मान शहराच्या ऐन मधोमध असलेल्या जबल अल-कलआवर मी चढलो तो हीच सवय घेऊन. जबल म्हणजे डोंगर आणि कलआ म्हणजे आपला किल्ला. शब्दही तोच, अरबीतून फारसीमार्गे आपल्याकडे आलेला. समुद्रसपाटीपासून साधारण साडेआठशे मीटर उंचीची ही टेकडी. खाली रोमन नाट्यगृह, चहूबाजूंनी डोंगरउतारांवर रचलेली फिकट दगडी घरं, आणि वर ओसाड माथा.

बहुतेक प्रवासी आधी हर्क्युलिसच्या देवळापाशी थांबतात. दुसऱ्या शतकातलं, सम्राट मार्कस ऑरेलियसच्या काळातलं हे देऊळ. त्याचे उंच खांब आणि जवळच पडलेली संगमरवरी पंजाची बोटं यांचे फोटो तुम्ही पाहिले असतील. आज मला त्याच्याही उत्तरेला जायचंय. तिथे उमय्या खलिफांच्या, म्हणजे सुरुवातीच्या इस्लामी साम्राज्यावर राज्य करणाऱ्या अरब घराण्याच्या, काळातला राजवाडा आहे, आठव्या शतकाच्या पूर्वार्धातला. अभ्यासक तो साधारणपणे खलिफा हिशाम याच्या कारकिर्दीत, म्हणजे 724 ते 743 या काळात धरतात. तेव्हा राजधानी होती दमास्कस. अम्मान हे बल्का प्रांताचं ठाणं, आणि या वाड्यात राहणारा माणूस तिथला अधिकारी.

वाड्यात शिरताना आधी एक मोठं दालन लागतं. मी तिथे तासभर उभा राहिलो. आजचं व्याख्यान खरं तर त्या एका तासाबद्दल आहे.

दालनाचा आराखडा क्रुसासारखा आहे. मध्ये चौक आणि त्याला चार हात. दोन हातांवर अर्धे घुमट, दोन हातांवर लांब कमानीचं छत. हा आराखडा बायझंटाइन, म्हणजे पूर्वेकडच्या ख्रिस्ती रोमन साम्राज्यातल्या, चर्चच्या वळणाचा. आता भिंतीजवळ जा, अगदी नाक लागेल इतकं. भिंतभर छोटे कोनाडे कोरलेत, ओळीवर ओळी. प्रत्येकाला दोन्ही बाजूंनी बारीक जोडखांब, वर इवलीशी कमान, आत कुठे फुलाची चकती, कुठे ताडाच्या पानासारखी नक्षी. हात घातला तर चार बोटंही आत जाणार नाहीत इतके उथळ, म्हणजे दिवा ठेवायचेही नाहीत. ही सजावट निव्वळ इराणी, सासानी म्हणजे इस्लामपूर्व इराणी सम्राटांच्या राजवाड्यांतली. आणि पायाखालचं जोतं? ते रोमनांच्या देवस्थानाच्या आवाराचं. म्हणजे जोतं रोमचं, आराखडा बायझंटियमचा, नक्षी इराणची आणि मालक अरब.

आज आपण ‘इस्लामी वास्तुकला’ म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक ठरलेलं चित्र येतं. हे दालन बांधलं गेलं तेव्हा ते चित्र तयारच झालेलं नव्हतं. पैगंबरांच्या मृत्यूला जेमतेम शंभर वर्षं झाली होती. फार काय, दमास्कसमधल्या दफ्तरांचे हिशेब सातव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ग्रीक भाषेत लिहिले जात आणि इराकमधले फारसीत. खलिफा अब्द अल-मलिकच्या कारकिर्दीत ते अरबीत आले. त्या दफ्तराला म्हणायचे दीवान. आपला दिवाण, दिवाणखाना, दिवाणी न्यायालय, सगळे याच शब्दाच्या गोतावळ्यातले. जे कारकुनांचं, तेच गवंड्यांचं. एका प्रचंड राज्याला जे हात मिळाले ते त्यानं कामाला लावले, आणि त्या हातांना जे येत होतं ते त्यांनी केलं. मला हे फार मोलाचं वाटतं. कुठलीही परंपरा घडताना बघायला मिळणं ही दुर्मिळ गोष्ट आहे, आणि इथे ती भिंतीवर हात ठेवून बघता येते.

वरचा घुमट मात्र नवा आहे. 1990च्या दशकाच्या अखेरीस स्पॅनिश पथकानं तो लाकडात उभारला. मूळ दालनावर घुमट होताच, असं त्या पथकाचं मत. मधला भाग उघडा चौकच होता, असं इतर काही अभ्यासक म्हणतात. माझं मत विचाराल तर अशा वादाच्या जागी पुन्हा बांधून मोकळं होण्याची घाई करू नये. एकदा घुमट चढला की पुढच्या पिढीच्या डोळ्यांना तोच खरा वाटू लागतो.

दालनातून पुढे गेलं की खांबांचा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना चौकाभोवती खोल्या असलेली घरं. आपला चौसोपी वाडा आठवावा अशी मांडणी. रस्त्याच्या उत्तर टोकाला इवान, म्हणजे तीन बाजूंनी भिंती आणि समोरून मोकळी जागा, आणि त्यामागे राजसभेचं दालन. ही झाली सदर.

आता टाकं. ते पहिल्या दालनाजवळच आहे. गोल, सुमारे सोळा-सतरा मीटर व्यासाचं आणि पाच मीटर खोल. काठानं पायऱ्या उतरतात आणि तळाच्या मध्यावर पाण्याची पातळी बघण्यासाठी एक खांब. ओढा खाली दरीत, त्यामुळे माथ्यावर पडणारा पाऊस हाच आधार. तो खांब बघून मला त्या वाड्यातला सगळ्यात चिंतेत असलेला माणूस दिसला, रोज सकाळी पायऱ्यांवर उभा राहून पाणी किती उतरलं ते पाहणारा.

एक धागा आपल्याकडे येतो, तो सांगायलाच हवा. ज्या हिशामच्या काळात हा वाडा उभा राहिला, त्याच काळात सिंधमधलं अरब सैन्य गुजरातेत उतरलं होतं. नवसारीच्या ताम्रपटात त्याला ‘ताजिक’ म्हटलंय. हा ताम्रपट कलचुरी संवत 490चा, म्हणजे इ.स. 738-39चा. नवसारीच्या चालुक्य पुलकेशीनं हे सैन्य परतवलं आणि बदामीच्या चालुक्य राजानं त्याला ‘दक्षिणापथाचा आधार’ अशा अर्थाच्या पदव्या दिल्या. ज्या राज्यानं अम्मानच्या भिंतीवर फुलं कोरून घेतली त्याचीच ही दुसरी बाजू, आणि ती आपल्या दारापर्यंत आली होती.

749 साली मोठा भूकंप झाला. जेराश, बैसान, तिबेरियास सगळी गावं हादरली, इथलाही वाडा ढासळला. वाडा जुना होण्याआधीच पडला. पुढच्याच वर्षी उमय्यांचं राज्य अब्बासी या दुसऱ्या अरब घराण्यानं घेतलं, सत्ता इराककडे गेली आणि अम्मानला दरबारी वैभव पुन्हा आलं नाही.

लोक मात्र राहिले. पडझडीतून वाट काढून, चौकात आडव्या भिंती घालून, मोठ्या खोल्यांच्या लहान खोल्या करून पुढची काही शतकं माणसं तिथे संसार करत होती. तुम्ही गेलात तर त्या भिंतीही बघा. दगड कसेही रचलेत, ओळंबा धरलेला नाही, कोरीव काम तर नाहीच. एका ठिकाणी मला जुन्या घडीव दगडाचा तुकडा उंबऱ्याला लावलेला दिसला, पायांनी मधोमध झिजलेला.