आईचा शुक्रवार

श्रोतेहो, नमस्कार.

वडिलांचा कारखाना बंद पडला त्या वर्षीची गोष्ट. पगार थांबला, वाण्याची उधारी वाढत गेली, शाळेतून फीच्या चिठ्ठ्या यायला लागल्या. त्या वर्षी दर शुक्रवारी आमच्या घरी चूल पेटायची, पण आईचं ताट मांडलं जायचं नाही. आमचे डबे भरून झाले की ती पेलाभर पाणी प्यायची आणि आतल्या खोलीत दार लोटून बसायची. एकदा मी फटीतून पाहिलं. रडत असेल असं वाटलं होतं. तर मांडीवर बायबल, बायबलावर वाण्याच्या उधारीची वही आणि हातात पेन्सिल. डोळे मिटायची, ओठ हलायचे, मग डोळे उघडून वहीत कुठेतरी खूण करायची. पुन्हा डोळे मिटायची.

देवाचं नाव आणि तेलामिठाचा हिशेब एकाच बैठकीत, हे मला तेव्हा विचित्रच वाटलं. आज उपास-प्रार्थनेवर बोलायचं ठरलं तेव्हा पहिली आठवली ती वहीच.

उपास म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साबुदाणा, वरी, रताळं येतं. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण काही उगाच पडलेली नाही. ख्रिस्ती उपासात असा वेगळा फराळ नसतो. कॅथलिक मंडळींना राखेचा बुधवार (ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस) आणि उत्तम शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दोन दिवस उपासाचे सांगितलेले आहेत. १८ ते ५९ या वयातल्यांनी एकदाच पोटभर जेवायचं, बाकी दोन वेळा थोडंसं, आणि मांस वर्ज्य. आम्हा प्रॉटेस्टंटांकडे एवढंही लिहिलेलं नाही. कुणी दिवस मावळेपर्यंत पाण्यावर राहतं, कुणी एक वेळचं जेवण सोडतं. आमचे एक पाळकसाहेब फक्त चहा सोडायचे. लोक हसायचे, पण मराठी माणसानं दिवसभर चहा सोडला तर त्याच्या उपासावर शंका घेऊ नये, असं माझं मत आहे.

आता खरी अडचण. ऑपरेशन ठरलेलं असतं, नवऱ्याची दारू सुटत नसते, जमिनीची केस वर्षानुवर्षं लोंबकळत असते, आणि कुणीतरी सांगतं, तीन दिवस उपास धर, देव ऐकेल. सांगणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो. पण त्या ‘ऐकेल’ मध्ये एक जुनी सवय लपलेली असते. पूर्वी आपल्याकडे पैसे बुडवणाऱ्याच्या दारात धरणं धरून बसायची रीत होती. देणं दे, नाहीतर उपाशी बसतो आणि पाप तुझ्या माथी. देवाच्या दारात आपणही पुष्कळदा तसेच बसतो, जणू तो आपला ऋणको आहे. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलातली, माणसं तशी बसलेली मला दिसत नाहीत.

नहेम्या बघा. यहूदी माणूस, शूशन राजवाड्यात पारसाच्या (इराणच्या) राजाचा प्यालेबरदार, म्हणजे त्याला द्राक्षारसाचा प्याला देणारा. यरुशलेमेचा तट पडलाय, वेशी जळाल्यात, अशी बातमी त्याला कळली. तो खाली बसला, रडला, कित्येक दिवस उपास करून प्रार्थना करत राहिला. बातमी आली किसलेव महिन्यात, म्हणजे थंडीच्या सुरुवातीला, आणि राजाशी बोलणं झालं नीसानात, वसंतात. मधले चार महिने गेले. राजानं विचारलं, तुझा चेहरा का उतरलाय, तुला काय हवंय? नहेम्या घाबरला, मनातल्या मनात देवाची प्रार्थना केली आणि बोलायला लागला. मला जायची परवानगी हवी. वाटेतल्या सुभेदारांना पत्रं हवीत. राजाच्या वनाचा अधिकारी आसाफ, त्याच्या नावे लाकडासाठी चिठ्ठी हवी: वेशींना, तटाला आणि मी राहीन त्या घराला. किती दिवस लागतील असं राजानं विचारलं, तर त्यानं मुदतही सांगितली. ही यादी काही राजापुढं उभ्या उभ्या सुचलेली नाही. उपाशीपोटी काढलेल्या त्या चार महिन्यांत ती तयार झालेली असणार.

एज्रा या यहूदी शास्त्र्याचंही तसंच. बाबेलहून बायकामुलांसकट यरुशलेमेला निघालेला. वाटेत चोरदरोडेखोर. पण आमचा देव आम्हाला सांभाळतो असं राजाला मोठ्या तोऱ्यात सांगून बसला होता, त्यामुळे शिपाई मागायची लाज वाटली. (ही लाज शास्त्रात प्रामाणिकपणे लिहून ठेवली आहे, मला फार आवडते.) मग अहवा नदीकाठी त्यानं सगळ्यांना उपास करायला सांगितला. आणि पुढे? बारा याजक निवडले आणि त्यांच्या हाती मंदिरासाठी मिळालेला सगळा ऐवज तोलून दिला. ६५० किक्कार (हे त्या काळचं मोठं वजन) चांदी, १०० किक्कार सोनं, भांडी वेगळी. यरुशलेमेला पोचल्यावर पुन्हा तोलून घेतलं आणि वजन लिहून ठेवलं. देवावर भरवसा होता म्हणून तागडी गुंडाळून ठेवली नाही.

आई ही वचनं वाचत असे की नाही, मला माहीत नाही. पण एका शनिवारी ती ती वही घेऊन वाण्याकडे गेली. दोन ठिकाणी तेल दोनदा मांडलेलं होतं, तिथे तिच्या पेन्सिलीच्या खुणा होत्या. आवाज न चढवता तिनं ते दाखवलं आणि दर आठवड्याला किती देता येईल तेही सांगितलं. वाणी थोडा ओशाळला आणि कबूल झाला. वडिलांची थकबाकी पुरती कधीच मिळाली नाही. चमत्काराची साक्ष हवी असेल तर माझ्याकडे एवढीच आहे.

यशया संदेष्ट्याच्या ५८व्या अध्यायात उपास करणाऱ्यांनाच खडसावलं आहे. उपासाच्या दिवशीही तुम्ही मजुरांना राबवून घेता, भांडता, गुद्दागुद्दी करता. तुमची भाकर भुकेल्याला वाटा. आई शुक्रवारी तिच्या वाटणीच्या दोन भाकरींचं पीठ एका डब्यात काढून ठेवायची आणि महिनाअखेर आमच्याहून ओढग्रस्त अशा एका घरी पोचवायची. आमच्याहून ओढग्रस्त घर तिला सापडायचं कसं, देव जाणे.

पंडिता रमाबाईंचं नाव इथे घ्यायलाच हवं. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील अन्नावाचून गेले. भूक म्हणजे काय हे त्यांनी भोगलं होतं. १८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी प्रार्थना केली आणि उठून मध्य प्रांतात गेल्या, शेकडो उपाशी मुलींना घेऊन आल्या आणि केडगावला त्यांचा सांभाळ केला. ज्यांना रोजच उपाशी राहावं लागतं त्यांना उपासाचा उपदेश करू नये, हे मी त्यांच्याकडून शिकले.

आणखी एक सांगायचं आहे, नीट ऐका. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, पोटुशी असाल, अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरांना न विचारता उपाशी राहू नका. औषध बंद करून उपास धरणं हा विश्वास नव्हे. मोबाइल बाजूला ठेवा, एक दिवस कुणाची उणीदुणी काढू नका, त्यालाही उपास म्हणतात. आणि करायचाच असेल तर प्रभू येशूनं सांगितलं तसा करा: तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, चेहरा पाडून गावभर हिंडू नका.

शेवटी दावीद राजा. तान्हं मूल आजारी पडलं आणि चूक दाविदाचीच, हे त्याला ठाऊक होतं. सात दिवस त्यानं अन्न घेतलं नाही, रात्री जमिनीवर पडून राहिला. सातव्या दिवशी मूल गेलं. सांगायचं कुणी, म्हणून चाकर कुजबुजायला लागले. त्यावरून दाविदानं ओळखलं. तो उठला, आंघोळ केली, तेल लावलं, कपडे बदलले, परमेश्वराच्या मंदिरात गेला, आणि घरी येऊन जेवायला मागितलं. चाकरांना हे कोडंच वाटलं. तो म्हणाला, मूल होतं तोवर वाटत होतं, कोण जाणे, देव दया करील. आता मी उपास का करू? मी त्याच्याकडे जाईन, तो माझ्याकडे येणार नाही.

लहानपणी ही गोष्ट मला कोरडी वाटायची. पुढे वडिलांची किडनी गेली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, आणि आईचा शुक्रवार पुन्हा सुरू झाला. चर्चच्या मंडळीतल्या बायका आळीपाळीनं येऊन तिच्याबरोबर प्रार्थनेला बसत. वडील गेले तेही शुक्रवारीच, दुपारी. कबरस्तानातून परतेपर्यंत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ झाली होती आणि आईनं तोवर काही खाल्लं नव्हतं. शेजारच्या मावशी पेज घेऊन आल्या. आई घेणार नाही असंच आम्हाला वाटत होतं. तिनं हातपाय धुतले, केस विंचरले, वाटी हातात घेतली, एक घोट घेतला आणि म्हणाली, “मीठ टाक गं थोडं.”