तो पीस कोणी वाजवलाय?

रसिकहो, ‘सोलवाँ साल’मधलं ‘है अपना दिल तो आवारा’ हे गाणं कोणाचं, असं विचारलं तर इथले निम्मे हात वर होतील. आवाज हेमंतकुमारांचा, चाल सचिनदेव बर्मन यांची, शब्द मजरूह यांचे, पडद्यावर देव आनंद. पण हे गाणं आपण गुणगुणतो कसं, ते आठवून बघा. ओळ संपते आणि आपले ओठ थांबत नाहीत, पुढचा माउथ ऑर्गनचा तुकडाही आपण तोंडाने म्हणतो. तो तुकडा वगळून हे गाणं कोणालाच म्हणता येत नाही. मग तो वाजवलाय कोणी?

मला हे गाणं पाठ होतं, पण वादकाचं नाव कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. १९५८ साली तो तुकडा वाजवणारे होते राहुलदेव बर्मन, विशीसुद्धा न गाठलेले. नाव कळल्यावर मी गाणं पुन्हा लावलं. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्या सुरांमागे एका माणसाचा श्वास ऐकू आला.

आजचा माझा सगळा आग्रह एवढाच आहे. जुनी गाणी आपण जिवापाड जपतो, तर त्यात हार्मोनिका, म्हणजेच माउथ ऑर्गन, वाजवणाऱ्याचं नावही गायकाच्या नावासारखं तोंडावर असलं पाहिजे. कारण या वाद्यात माणूस जितका उघडा पडतो, तितका फार थोड्या वाद्यांत पडतो.

हे बघा, हा माझ्या हातातला साधा दहा भोकांचा माउथ ऑर्गन. प्रत्येक भोकात पितळेच्या दोन पातळ पट्ट्या आहेत. फुंकलं की एक बोलते, श्वास आत ओढला की दुसरी. दहा भोकं, वीस पट्ट्या. आपल्या पेटीच्या सुरांचंही हेच घराणं, पट्टी हवेने थरथरते आणि सूर निघतो. पण पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं, निघत नाही, ही आपली जुनी खंत. इथे ती निघते, कारण पट्टीच्या मागे भाता नाही, माणसाचं तोंड आहे. जीभ मागे घेतली, घशाची पोकळी बदलली की पट्टीचा सूर खाली उतरायला लागतो.

सी पट्टीच्या या हार्मोनिकाचं तिसरं भोक घ्या. श्वास ओढला की ‘बी’ हा सूर वाजतो. आता ऐका, मी फक्त जीभ हलवतेय. बी, बी फ्लॅट, ए, ए फ्लॅट. तीन अर्धस्वर खाली आलो, भोक तेच, श्वास तोच. ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं दर्दभरं संगीत, वाजवणारे हीच सी पट्टीची हार्मोनिका ‘जी’ या सुरात वाजवतात. म्हणजे ‘जी’ हा षड्ज धरला, तर हा बी होतो शुद्ध गंधार आणि बी फ्लॅट कोमल गंधार. ब्लूजचा जीव या दोघांच्या मध्ये कुठेतरी आहे. ती जागा पट्टीवर आयती कापून ठेवलेली नाही, ती प्रत्येकाने आपल्या तोंडात शोधायची. म्हणून दोन वादकांचा गंधार कधी सारखा येत नाही. म्हणून नाव महत्त्वाचं.

लिटल वॉल्टर हे त्यातलं माझं सर्वांत लाडकं नाव. हा ब्लूज गायक मडी वॉटर्सच्या वाद्यवृंदातला साथीदार. साधा मायक्रोफोन आणि हार्मोनिका दोन्ही एकाच ओंजळीत घट्ट धरायचा आणि अ‍ॅम्प्लिफायरमधून सोडायचा. त्या ओंजळीतून जो दाट, किंचित फाटलेला आवाज यायचा, तो ऐकून पहिल्यांदा सॅक्सोफोनच वाटतो. १९५२मध्ये त्याची ‘ज्यूक’ ही तबकडी निघाली. तीन मिनिटांहूनही लहान, एक शब्द नाही, फक्त हार्मोनिका आणि मागे साथ. अमेरिकेच्या रिदम अँड ब्लूज यादीत ती आठ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. १९६८मध्ये वॉल्टर गेला तेव्हा त्याचं वय होतं ३७. आज ब्लूजची हार्मोनिका वाजवणारा जवळजवळ प्रत्येक जण कळत-नकळत त्याच्याच ओंजळीतून वाजवतो.

आणि डीफर्ड बेली. या माणसाबद्दल बोलताना माझा आवाज जरा चढतो. लहानपणी पोलिओ झाला, पोर बिछान्याला खिळलं आणि तिथेच हार्मोनिका शिकलं. पुढे अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या रेडिओवर त्याने ‘पॅन अमेरिकन ब्लूज’ वाजवलं. पॅन अमेरिकन ही आगगाडी. इंजिनाची धाप, रुळांचा ठेका, शिट्टी, लांब जाणारा आवाज, सगळं एका इवल्याशा वाद्यावर. ‘ग्रँड ओल ऑप्री’ या कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण वळणाच्या संगीताच्या, रेडिओ कार्यक्रमाच्या पहिल्या ताऱ्यांपैकी तो एक, आणि कृष्णवर्णीय. १९४१ साली त्याला काढून टाकलं. त्यानंतर त्याने बूटपॉलिशच्या दुकानावर संसार चालवला. १९८२मध्ये तो वारला आणि कंट्री म्युझिक हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं २००५ साली. आगगाडी सगळ्यांच्या कानात राहिली, गाडी चालवणारा मात्र विसरला गेला.

लॅरी अ‍ॅडलरचं नाव तर पुसलंच गेलं. त्यांचं वाद्य क्रोमॅटिक हार्मोनिका, बाजूला कळ असलेलं. कळ दाबली की अर्धा स्वर वर, त्यामुळे बाराही स्वर हाताशी. व्हॉन विल्यम्स यांच्यासारख्या नामांकित ब्रिटिश संगीतकाराने १९५१मध्ये अ‍ॅडलर यांच्यासाठी हार्मोनिका आणि वाद्यवृंदाची खास रचना केली. अ‍ॅडलर यांनीच १९५३च्या ‘जेनेव्हीव्ह’ या ब्रिटिश चित्रपटाला संगीत दिलं. पण तेव्हा अमेरिकेत ते कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून काळ्या यादीत होते. तिकडच्या प्रतींवरून त्यांचं नाव काढलं गेलं आणि त्या संगीताचं ऑस्कर नामांकन भलत्याच नावावर गेलं. चूक दुरुस्त झाली ती कित्येक वर्षांनी.

टूट्स थीलेमान्स यांच्या वाट्याला असं काही आलं नाही, याचा मला आनंद आहे. ब्रुसेल्सचा हा माणूस ९४ वर्षं जगला आणि जगभर मानाने वाजवत राहिला. तरीही ‘मिडनाइट काउबॉय’ या चित्रपटाची ती एकाकी धून ज्यांच्या मनात आहे, त्यांच्यातल्या किती जणांना तिच्यामागचे टूट्स माहीत आहेत? हसू आणि आसू यांच्यामधली चिंचोळी जागा ही आपली जागा, असं ते सांगत. ती धून ऐकताना एक गोष्ट करा. सुरांकडे नको, सूर सुटतो त्या टोकाकडे लक्ष द्या. ते सूर तोडत नाहीत, हात मोकळा करून हलकेच सोडून देतात. वेगाने वाजवणारे पुष्कळ आहेत. सूर असा सोडणारे फार थोडे.

आपल्याकडे परत येऊ. १९६४चा ‘दोस्ती’. एक मुलगा गातो, दुसरा माउथ ऑर्गन वाजवतो, अख्खी मैत्री त्या वाद्यावर उभी आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं, त्यांना पहिलं फिल्मफेअर मिळवून देणारं. आणि हार्मोनिका पुन्हा राहुलदेव बर्मन यांची. लक्षात घ्या, तोवर ते स्वतः संगीतकार झाले होते, ‘छोटे नवाब’ येऊन तीन वर्षं झाली होती. तरी मित्रांच्या चित्रपटासाठी वादक म्हणून बसले. पडद्यावरच्या मैत्रीला खऱ्या मैत्रीचा श्वास मिळाला, हे मला त्या गाण्यांइतकंच मोलाचं वाटतं.

आणि ‘शोले’. संध्याकाळ झालेली, समोर राधा दिवे एकेक करून मालवतेय, इकडे जय एकटा बसून वाजवतोय. त्या दोघांत संवाद नाही, जे काही बोलणं आहे ते हार्मोनिकाचं. ती वाजवली भानू गुप्ता यांनी. राहुलदेव यांच्याकडचे गिटारवादक म्हणूनही त्यांना जाणकार ओळखतात. हा प्रसंग पाठ असलेल्या पाच जणांना मी त्यांचं नाव विचारलं होतं. पाचही जण गप्प.

म्हणून आज गाणी ऐकण्याआधी ही नावं घेतली. आता दिवे थोडे मंद करा. ‘है अपना दिल’ लावतेय. हेमंतकुमारांची ओळ संपेपर्यंत गुणगुणा हवं तर, पण हार्मोनिका सुरू झाली की ओठ मिटा. आज तो तुकडा राहुलदेवांनाच वाजवू द्या.