चेक म्हणजे राजा

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याकडे येणाऱ्या बसमध्ये बसलं की मुलुंड सरता सरता कंडक्टर पुकारतो, "चेकनाका, चेकनाका!" पूर्वी इथे मालट्रकांच्या रांगा लागायच्या. जकात भरल्याशिवाय गाडी पुढे सरकायची नाही. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईतली जकात गेली, पण नाव मात्र टिकून आहे. नाका आपला आणि चेक इंग्रजांचा, असं मी कित्येक वर्षं धरून चालले होते. मग एकदा शब्दकोशात नीट पाहिलं, आणि चेकच्या मुळाशी इराणचा राजा निघाला. शाह!

आपण हा शब्द दिवसातून किती वेळा वापरतो बघा. गॅस बंद केलास का, चेक कर. लोकलमध्ये आज चेकिंग आहे. बाबांचं चेकअप झालं का? चेक्सचा शर्ट, बँकेतला चेक, हॉटेलातलं चेक-इन. या सगळ्यांचा राजाशी काय संबंध?

संबंध बुद्धिबळाचा आहे. आपल्याकडचं चतुरंग इराणात गेलं. तिथे ते चतरंग झालं, अरबांच्या तोंडी शतरंज झालं. समोरच्याच्या राजावर मारा केला की खेळाडू तसं बोलून दाखवायचा, "शाह!" म्हणजे, तुमचा राजा सांभाळा. अरबांबरोबर हा खेळ युरोपात पोचला आणि ही हाकही पोचली. लॅटिनमध्ये ती स्काकुस झाली, जुन्या फ्रेंचमध्ये एशेक, आणि इंग्रजीत चेक. लोकांच्या कानात ती इतकी बसली, की खेळाचं नावच तिच्यावरून पडलं. इंग्रजांचं चेस, जर्मनांचं शाख, फ्रेंचांचं एशेक, सगळ्यांत शाहच आहे. स्पॅनिश लोक मात्र बुद्धिबळाला अखेद्रेथ म्हणतात. ते शतरंजवरून आलेलं, म्हणजे आपलं चतुरंग तिथे अजून जिवंत आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

आता मराठीकडे या. आपण राजाला काय देतो? शह! तोच फारसी शब्द, थेट आलेला. राजकारणाच्या बातम्यांत आपण रोज शह-काटशह वाचतो, आणि शेजारच्याच स्तंभात अमक्याने चेक दिला, तमक्याचा चेक वटला नाही. दोघं सख्खे भाऊ. एक फारसीतून सरळ आपल्याकडे आला, दुसरा अरबस्तान, फ्रान्स, इंग्लंड असा वळसा घालून. शाह शब्दाच्या मागे गेलं तर इराणात बिसुतूनच्या कड्यावर कोरलेला दारियुश राजाचा अडीच हजार वर्षांपूर्वीचा लेख लागतो. त्यात राजाला ख्शायथिय म्हटलंय. त्याचा धातू आणि आपल्या क्षत्र, क्षत्रिय यांचा धातू एकच. शहर हा शब्दही याच घराण्यातला. शहाणा मात्र यातला नाही हं. तो सज्ञान वरून आलाय. शब्द सारखे दिसले म्हणून नातं जोडायचं नसतं, एवढं पथ्य पाळायलाच हवं.

मग राजा या शब्दाचा अर्थ तपासणं कसा झाला? पटावर बसून पाहिलं की कळतं. शह बसला की तुमचे सगळे बेत जागच्या जागी थांबतात. घोडा आत घुसवायचा होता, वजीर मारायचा होता, ते सगळं बाजूला. आधी राजा वाचवा. म्हणून इंग्रजीत चेक म्हणजे आधी अचानक बसलेली खीळ. त्यावरून लगाम, आवर, अंकुश. त्यावरून चूक किंवा लबाडी होऊ नये म्हणून ठेवलेली रोखणारी गोष्ट. आणि मग, सतराव्या शतकाच्या अखेरीस, पडताळून पाहणं. आपण सर्वांत जास्त वापरतो तो अर्थ सर्वांत धाकटा आहे.

बँकेतल्या चेकची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा महसूल एका मोठ्या मेजावर मोजला जाई. रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने त्याचं वर्णन गुरू-शिष्य संवादाच्या रूपात लिहून ठेवलंय. मेज दहा फूट लांब, पाच फूट रुंद, कडेला चार बोटं उंच काठ, म्हणजे वर ठेवलेलं काही घरंगळू नये. त्यावर काळं कापड, कापडावर वीतभर अंतराने रेघा. त्या घरांत सोंगट्या मांडायच्या. पेनी एका रांगेत, शिलिंग दुसऱ्या, पौंड तिसऱ्या. येणं किती, भरलं किती, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं किती अवघड, ते आठवा, म्हणजे या कापडाची किंमत कळेल. शिष्य विचारतो, याला बुद्धिबळाच्या पटाचं नाव का? गुरू सांगतो, पटावर जशी दोन राजांत लढाई, तशी इथे खजिनदार आणि हिशेब द्यायला आलेला शेरीफ यांच्यात. तेच एक्सचेकर. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही चॅन्सलर ऑफ द एक्सचेकर म्हणतात.

या कचेरीत पावती म्हणून लाकडी काठी वापरत. रकमेच्या खाचा पाडायच्या आणि काठी उभी चिरायची. अर्धी तुम्हाला, अर्धी सरकारला. वेळ आली की दोन्ही जुळवून बघायच्या, खोटेपणा लगेच उघडा पडे. या जुन्या काठ्यांचे ढीग १८३४ च्या ऑक्टोबरमध्ये लॉर्ड्सच्या सभागृहाखालच्या भट्टीत जाळायला घेतले, आणि त्या आगीत लंडनची पार्लमेंटची इमारतच भस्म झाली.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बँकेच्या कागदांना हीच युक्ती लागली. चेक म्हणजे तेव्हा पैसे काढायचा कागद नव्हे, तर आपल्याकडे राहणारा तुकडा, ज्याला आपण स्थळप्रत म्हणतो. लबाडीला शह देणारा तुकडा! पुढे नाव सरकून मुख्य कागदाला चिकटलं. एक्सचेकरच्या प्रभावाने इंग्रजांनी त्याचं स्पेलिंगही वेगळं केलं. अमेरिकेत साधंच राहिलं, आणि तिथे हॉटेलचं बिलही चेकच.

चेक्सचा शर्ट सोपा आहे. पटाची घरं कापडावर आली. आपण त्याला चौकडी म्हणतो, तो शब्द जपायला हवा.

माझ्या लहानपणी वडील ओसरीवर शेजारच्या काकांशी खेळत. वडिलांचा "शह!" स्वयंपाकघरात ऐकू यायचा, आणि आई म्हणायची, आता जेवणं लांबली. परवा नातीशी खेळायला बसले. तिने उंट तिरका सरकवला आणि हळूच म्हणाली, "चेक." स्पर्धेत बोलून दाखवायची गरज नसते, माझ्यासाठी म्हणाली. मी तिला शहाची ही सगळी कथा सांगितली. ती ऐकत होती, पण डोळे पटावर.

"आणि मेट म्हणजे, आजी?"

मेट म्हणजे मात. आपण संकटावर मात करतो, दुखण्यावर मात करतो, तीच. शाह मात. अरबीत माता म्हणजे मेला, म्हणून राजा मेला असा अर्थ बरेच जण सांगतात. पण फारसीत मात म्हणजे थक्क, हतबल, काही सुचेनासा झालेला. मला हा अर्थ जास्त पटतो, कारण बुद्धिबळात राजा कधी मारला जात नाही. प्यादी जातात, हत्ती जातात, वजीरसुद्धा जातो. राजा पटावरच उभा असतो, फक्त त्याला जायला घर उरलेलं नसतं.

"माझ्या उंटाने तेच केलंय," नात म्हणाली. "नीट बघ, आजी."

मी बघितलं. खरोखरच घर नव्हतं.