बेचाळीसातून सतरा गेले

नमस्कार श्रोतेहो. मी ठाण्यात, कळव्याला दुसरीचा वर्ग शिकवते. परवा एका मुलीच्या वहीत ४२ वजा १७ चं उत्तर आलं ३५. फुली मारण्याआधी तिला जवळ बोलावलं. "कसं केलंस गं, सांग बघू." ती म्हणाली, "बाई, दोनातून सात जात नाहीत ना, म्हणून सातातून दोन काढले."

तिची आई भाजी विकते. मी वही मिटली आणि विचारलं, "गिऱ्हाइकाकडे ४२ रुपये होते, मेथी घेतली १७ ची. उरले किती?" तिनं बोटांवर मोजलं. "सतराला तीन, झाले वीस. पुढे बावीस. म्हणजे पंचवीस!"

आता या मुलीला वजाबाकी येत नाही, असं कसं म्हणू? तिला दशक मोडून हातचा घेणं उमगलेलं नाही, एवढंच. शून्य गुण देऊन मला हे कधीच कळलं नसतं.

महाराष्ट्रात २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयानं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, म्हणजे एका परीक्षेवर न थांबता मुलाची प्रगती वर्षभर, सगळ्या अंगांनी बघणं. त्यात मुलाबद्दल शब्दांत लिहायच्या वर्णनात्मक नोंदीही आल्या. पण सत्र संपताना एका रात्रीत चाळीस मुलांच्या नोंदी लिहायच्या म्हटलं की "नियमित सराव आवश्यक" हेच वाक्य पानोपानी उतरतं. मीही अनेक वर्षं तेच लिहिलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. त्या वाक्यात मूल कुठेच नसतं.

तीन ते आठ वर्षांच्या मुलांसाठीच्या २०२२ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं तर स्पष्टच म्हटलंय, की या वयाला परीक्षा योग्य नाहीत. मुलांचं निरीक्षण करा, त्यांनी केलेलं काम बघा. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला लहान मुलांच्या शिक्षणाचं काम सुरू केलं. मुलं शाळेत येईनात, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. माझ्या विद्यार्थिनीचं गणितही तसंच बाजारात बसलं होतं, मलाच तिथवर जायचं होतं.

आता मी रोज फक्त पाच मुलांबद्दल लिहिते. तारीख, मूल काय म्हणालं, काय केलं. शेरा नाही. पालकहो, शाळेत आलात तर "किती मार्क?" याआधी "तो कुठे अडतोय?" हे जरूर विचारा.

त्या मुलीला मी दहा-दहा काड्यांचे, रबर लावलेले गठ्ठे दिले. शुक्रवारची नोंद अशी आहे: "गठ्ठ्याचं रबर स्वतः सोडलं. ५३ वजा २६ बरोबर. ६० वजा २४ ला थबकली. शून्यापाशी अडते." सोमवारी आम्ही शून्यापासून सुरू करणार आहोत.